डेक ठोकण्याआधी कोब्यावर एक पाऊस पडू द्या



आज भाताचं नाही, अंगणाचं लिहितोय. पण शेवटी गाडी भाताच्या बियाण्यावरच येणार आहे, म्हणून शेतकऱ्यांनी वाचावं.

आपल्या भंडारदरा भागात सध्या घरोघरी एकच काम चालू आहे. शेंडीपासून रतनवाडी, घाटघर, साम्रदपर्यंत कुठंही जा, कुणी तंबू लावतंय, कुणी खोल्या काढतंय, आणि ज्याच्या दारात जुना सिमेंटचा कोबा आहे तो त्याच्यावर डेक ठोकतोय. डेक म्हणजे लोखंडी सांगाडा आणि वर फळ्या. आपल्या भाषेत माच. मे महिन्याच्या शेवटी काजवे लागले की पाहुणे येतात, त्याच्या आत काम उरकायचं, म्हणून सगळी घाई. मी ह्या धंद्याच्या विरोधात नाही. माझ्याही दारात डेक आहे आणि त्याच्या पैशातून दोन वर्षं खतं आली आहेत. माझं म्हणणं एवढंच आहे की आपण वरच्या फळ्यांचा विचार महिनाभर करतो आणि खालच्या कोब्याचा पाच मिनिटंही करत नाही. कोबा झाकला की तो परत डोळ्याला दिसत नाही. आणि जे दिसत नाही ते आपल्या घराला कसं खातं हे मी बघून बसलोय.

माझी चूक आधी सांगतो.

आमच्या दारातला कोबा 2008 सालचा. तीन इंच जाडीचा, आत सळई नाही, खाली मुरूम टाकून केलेला. तो पाहुण्यांसाठी केलाच नव्हता. भात झोडायला, नागली वाळवायला, खुरासणी पसरायला खळं पाहिजे म्हणून केला. शेणानं सारवलेलं खळं दरवर्षी नवीन करावं लागायचं, त्यातून सुटका झाली. 2019 ला थोरल्या पोरानं डेकचं काढलं. शहराकडचा एक कारागीर आला, फूटपट्टीनं मापं घेतली, वीस बाय पंधरा म्हणजे तीनशे चौरस फुटांचा हिशोब दिला आणि चार दिवसांत काम करून गेला. खांब सरळ कोब्यावर उभे केले. चार बोल्टही मारले नाहीत. कडेच्या फळ्या घराच्या भिंतीला टेकवल्या. दिसायला झकास. आम्ही पण खूष.

आता त्याच्या आधीची गोष्ट ऐका. आमच्या कोब्यावर पावसाळ्यात भिंतीकडं पाणी साचायचं. घर बांधताना जोत्याच्या बाहेरचा चर आम्ही सैल मातीनं भरला होता, चोपला नव्हता. ती माती वर्षानुवर्षं दबत गेली, तिच्याबरोबर कोब्याची कड खाली बसली आणि उतार उलटा झाला, घराच्या दिशेनं. पाणी दिसायचं, पण त्रास कधी झाला नाही. का? कारण पोरांची आई रोज सकाळी खराटा घेऊन ते पाणी बाहेर लोटायची. पावसाळ्याचे चार महिने, अकरा वर्षं. तिचा खराटा हाच आमच्या घराचा पाण्याचा निचरा होता, आणि हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात नव्हतं. डेक झाला आणि खराटा बंद झाला. डेक होता फूटभर उंच, खाली हात जात नव्हता.

2023 च्या जूनमध्ये आवण टाकायला काळभाताचं बी काढलं. आमची कणगी पुढच्या खोलीत त्याच भिंतीला लागून असते. वरचं बी चांगलं होतं. खालच्या थराला वास येत होता. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. पाचव्या-सहाव्या दिवशी उघडलं तर अडतीस दाण्यांनाच मोड. भाताच्या प्रमाणित बियाण्याला कमीत कमी 80 टक्के उगवण लागते आणि ओलावा 13 टक्क्यांच्या आत लागतो, हे कृषीवाल्यांनी आपल्याला शंभर वेळा सांगितलंय. आम्ही वाळवून ठेवलं होतं, पण भिंतीनं त्याला परत ओल पाजली. घरात बाकी कुठंही ओल नाही, फक्त त्या भिंतीला दोन फूट उंचीपर्यंत.

काळभात दुकानात पिशवीत मिळत नाही हो. वडिलांपासून चालत आलेलं बी आहे. त्या वर्षी नात्यातल्या एकाकडून दोन पायल्या मागून आणावं लागलं. बी दुसऱ्याला देणारं आमचं घर, त्या वर्षी मागायला गेलं. मला त्या दिवशी डेकचे पैसे कडू लागले.

त्याच दिवाळीत डेक उघडला. काय निघालं ते सांगतो. भिंतीकडच्या बाजूला चार बोटं काळा गाळ, कुजलेला पाला. फळ्यांच्या फटीतून पडलेलं खाणं, शेंगांची टरफलं, त्यावर घुशींनी केलेली बिळं. उंदीर-घुशी आल्या की मागून कोण येतं हे शेतकऱ्याला सांगायला नको. एक घोणस वेटोळं घालून बसलेली होती. सर्पमित्र बोलावला, त्यानं नेली. त्या डेकवर पाहुण्यांची लहान पोरं अनवाणी खेळत होती. तीन खांब गंजून खालून पोखरलेले. भिंतीलगत लांब भेग पडलेली, बोट जाईल एवढी, आणि तिच्यातून वाळवीनं मातीची नळी करून सरळ फळीपर्यंत रस्ता काढलेला.

म्हणून आता जे लिहितोय ते पुस्तकातलं नाही.

पहिलं काम पाणी ओतायचं. कोबा झाडून, धुवून स्वच्छ करा. शेवाळ असेल तर तारेच्या ब्रशनं घासून काढा. मग दहा-बारा बादल्या पाणी भिंतीच्या बाजूनं ओता आणि शांतपणे बघत बसा. पाणी कुठं जातं, कुठं थांबतं. तासाभरानं जिथं डबकं उरलंय तिथं गेरूनं गोल करा. गवंड्याकडं पाण्याची पारदर्शक नळी असते, तिनं भिंतीची कड आणि बाहेरची कड यांची पातळी मोजा. दहा फुटाला दीड-दोन इंच तरी उतार घरापासून बाहेर पाहिजे. आमच्याकडं तो आतल्या बाजूला सव्वा इंच निघाला.

हे एवढं का, तर आपला पाऊस. घाटघर-रतनवाडीकडं वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटरपर्यंत पडतो. शहरातल्या कारागिराला ह्याचा अंदाज नसतो. साधा हिशोब करा. तीनशे चौरस फुटांवर एका दिवसात 100 मिलिमीटर पाऊस पडला तर जवळपास 2800 लिटर पाणी होतं. त्यात अंगणाकडं उतरलेलं चारशे चौरस फुटांचं छप्पर धरा, त्याच्या पागोळ्यांचं आणखी 3700. म्हणजे साडेसहा हजार लिटर, पाचशे लिटरच्या तेरा टाक्या, एका दिवसात, एका भिंतीच्या पायाशी. आणि आषाढात असे दिवस आपल्याकडं ओळीनं येतात. फळ्यांना फटी असतात, डेक काही छत्री नाही. सगळं पाणी खाली जाणारच. ते खाली गेल्यावर पुढं कुठं जाणार हे आधी ठरलं पाहिजे.

दुसरं काम कान लावायचं. लहान हातोडी घ्या आणि फूटभर अंतरानं कोबा ठोकत जा. घट्ट असेल तिथं टणक आवाज येतो, खाली पोकळ असेल तिथं मडक्यासारखा. पोकळ जागेवर खूण करा. ती जागा फोडायचीच, वरून माल थापायचा नाही. अर्ध्याच्या वर कोबा पोकळ वाजला तर माझं ऐका, सगळाच काढा. मला भिंतीलगतची तीन फूट रुंद पट्टी काढावी लागली, बाकीचा राहिला.

तिसरं काम भेगांची ओळख. सगळ्या भेगा सारख्या नसतात. केसासारखी बारीक, जागच्या जागी असलेली भेग वेगळी. एका बाजूचा कोबा खाली आणि दुसऱ्या बाजूचा वर, अशी भेग वेगळी. ही दुसरी म्हणजे खालची जमीन हलतेय. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं रेघ मारून तारीख लिहा, मध्ये आडवा सिमेंटचा छोटा ठिपका लावा. पावसाळ्यानंतर ठिपका तडकला तर भेग जिवंत आहे. जिवंत भेगेत सिमेंट भरणं म्हणजे वाहत्या बांधाला ओंजळीनं माती लावणं. आधी खालची जमीन बसवा. मेलेली भेग असेल तर छिन्नीनं थोडी रुंद करा, धूळ काढा आणि मग चिकटपणाचं रसायन घातलेला माल दाबून भरा. वरवर लिंपलेली भेग पहिल्या उन्हाळ्यात परत उघडते.

आपल्या डोळ्यांसमोर धरणाचं उदाहरण आहे. 1926 मध्ये पुरं झालेलं आपलं धरण. 1969 मध्ये त्याच्या भिंतीला तडे दिसले, तेव्हा नुसतं लिंपून कुणी मोकळं झालं नाही. भिंतीला पुढं टेकू देऊन ती मजबूत केली. आपलं अंगण धरणाएवढं नाही, पण भेग झाकायची नसते, तिचं कारण शोधायचं असतं, हा नियम दोन्हीकडं एकच.

चौथं, भिंतीकडची पट्टी. सैल माती काढून मुरूम भरला, एका वेळी चार-चार इंच थर, प्रत्येक थराला पाणी मारून धुम्मसानं चोपला. त्यावर चार इंच काँक्रीट, बाहेरच्या बाजूला उतार देऊन. जिथं नवा माल जुन्या कोब्याला भिडतो तिथं जुन्याला टाचे मारून खरबरीत केलं, भिजवलं आणि सिमेंटचं पातळ पाणी लावून मग माल टाकला. गुळगुळीत जुन्या कोब्यावर अर्धा इंच माल पसरून उतार काढायचा प्रयत्न काही जण करतात. तो पापडासारखा सुटतो. दहा दिवस गोणपाट टाकून पाणी मारलं. बाहेरच्या कडेला नऊ इंच रुंद उघडा चर काढला आणि तो परसातल्या केळी-अळूकडं वळवला. शेजाऱ्याच्या बांधावर पाणी सोडू नका, नाहीतर डेकपेक्षा भांडणाचा खर्च मोठा होईल. छपराला पन्हळ लावली, म्हणजे पागोळ्यांचं पाणी कोब्यावर येतच नाही.

पाचवं, खांब. इथं जिवाचा प्रश्न आहे म्हणून नीट वाचा. डेकवर माणसं सारखी पसरून उभी राहत नाहीत. फोटो काढायचा म्हणजे पंचवीस जण एका कडेला येतात. सरासरी 65 किलो धरा, सोळाशे किलोच्या वर झाले. ते जवळपास सगळं वजन बाहेरच्या चार खांबांवर, म्हणजे एका खांबावर चारशे किलो. दोन इंची चौकोनी पाइप सरळ कोब्यावर उभा असेल तर हे चारशे किलो चार चौरस इंचांवर टेकतात. खाली तीन इंचांचा, सळई नसलेला, पोकळ वाजणारा कोबा. तुम्हीच सांगा काय होईल. म्हणून प्रत्येक खांबाच्या जागी कोबा फोडून दीड बाय दीड फुटाचा खड्डा घेतला, घट्ट मुरूम लागेपर्यंत. आमच्याकडं तो दोन फुटांवर लागला, तुमच्याकडं तीनवर लागेल. त्यात सळई टाकून पाया भरला, तो कोब्याच्या वर सहा इंच काढला आणि त्यावर आठ बाय आठ इंचाची प्लेट चार बोल्टांनी आवळली. लोखंड पाण्यात उभं राहत नाही आणि वाळवी चढली तर त्या सहा इंचांवर तिची मातीची नळी दिसते.

वाळवीच्या औषधाबद्दल बरेच जण विचारतात. क्लोरपायरीफॉस ओतून मोकळे व्हा असं दुकानदार सांगतो. आमची विहीर अंगणापासून चाळीस फुटांवर, उताराला. मी ओतलं नाही. ज्याला वापरायचं त्यानं लेबलवर लिहिलंय तेवढंच, हातमोजे घालून वापरावं आणि विहीर-ओढा बघून वापरावं. माझा भर भेगा बुजवण्यावर, लाकूड जमिनीला न टेकवण्यावर आणि दर महिन्याला खाली वाकून बघण्यावर आहे.

सहावं, वाकून बघायला जागा पाहिजे ना. पहिला डेक फूटभर होता, आताचा अडीच फूट. खराटा आत जातो, माणूसही सरपटत जातो. जिथं उंची घेता येत नाही तिथं फळ्यांचे सुटे ताटवे करा, स्क्रू काढला की उचलता आले पाहिजेत. भिंतीपासून दोन इंच अंतर सोडा. कडा पत्र्यानं बंद करू नका, हवा खेळू द्या, घुशींसाठी बारीक जाळी लावा. आणि मेहरबानी करून कोब्यावर प्लॅस्टिकचा कागद अंथरू नका. काही जण ओल येऊ नये म्हणून अंथरतात. त्याच्यावर पाणी साचतं, खालची ओल कोंडते, दोन्हीकडून नुकसान.

आता वादाचा मुद्दा. पोरगं म्हणालं, बाबा, एवढं सगळं करायचं तर एक हंगाम जाईल. खरं आहे. आमचा 2024 चा हंगाम गेला. दुरुस्ती उन्हाळ्यात झाली, पण मी डेक चढवू दिला नाही. म्हटलं, ह्या कोब्यावर एक पावसाळा उघडा पडू दे. बादलीचं पाणी वेगळं आणि आठ दिवसांची झड वेगळी. पोरगं दोन महिने माझ्याशी नीट बोललं नाही. त्या पावसाळ्यात एका कोपऱ्यात परत डबकं दिसलं, ओंजळभर. उघडा होता म्हणून दिसलं, दिवाळीनंतर दुरुस्त केलं. 2025 च्या एप्रिलमध्ये डेक उभा राहिला. गेल्या पावसाळ्यात भिंत कोरडी राहिली.

हिशोब पण मांडतो. नवा डेक आम्हाला एक लाख ऐंशी हजारांना पडला. कोब्याची तयारी, चर, पन्हळ आणि खांबांचे पाये मिळून चौतीस हजार. पहिल्या वेळी हे चौतीस हजार वाचवले होते, आणि सव्वा लाखाचा डेक चार वर्षांत मोडीत काढला. कारागिराच्या कागदावर खालच्या कामाची ओळच नसते, कारण त्याला फळ्यांचे पैसे मिळतात. दोष त्याला किती द्यायचा? घर आपलं, पाऊस आपला, कुठं पाणी साचतं हे आपल्या घरातल्या बाईला माहीत. तिला कुणी विचारलंच नाही. मीही नाही.

म्हणून ज्यांच्या घरी यंदा मापं घेणं चालू आहे त्यांना माझं सांगणं आहे. कारागिराशी बोलण्याआधी अंगण झाडणाऱ्या माणसाशी बोला. पाणी कुठं थांबतं, मुंग्या कुठून निघतात, कोबा कुठं हलतो, हे तिला पाठ असतं. ते कागदावर घ्या आणि तेवढं काम आधी लिहून मागा.

आणि एक. सगळं अंगण झाकू नका. आम्ही ह्या वेळी अर्धंच झाकलं, अर्धं खळं उघडं ठेवलं. पोराचं म्हणणं होतं की भात झोडायला ताडपत्री चालते. चालते, पण पाहुणे हा दोन-चार महिन्यांचा धंदा आहे, आणि भात घरात आलं तर वर्षभराचं खाणं आहे. दिवाळीत पाहुणे डेकवर चहा पितात आणि शेजारी आम्ही काळभात झोडतो. बरेच जण खाली उतरून हात लावून बघतात, तांदूळ विकत मागतात. ते मी ठरवून केलं नव्हतं, पण बरं झालं.

कणगी आता त्या भिंतीपासून हलवली आहे. भिंत कोरडी आहे तरी हलवली. ह्या आठवड्यात शंभर दाणे गोणपाटात घातले होते, काल सकाळी मोजले. एक्क्याण्णव निघाले. ज्यांच्याकडून तेव्हा दोन पायल्या आणल्या होत्या, त्यांच्या घरी ह्या रविवारी अडीच पायल्या नेऊन देणार आहे.

तुमच्याकडं कोब्याचं काय झालं ते सांगा. चुकलं असेल तर तेही सांगा, त्यातूनच दुसऱ्याचं वाचतं.

राम राम.